पालेभाज्यांची फेरपालट : हिरव्या रसाविषयी चार शब्द

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर आहार विभागातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर.)



दरवर्षी या मेळाव्यात नवीन यंत्रसामग्री, वाढलेल्या खाटा आणि जमाखर्च यांविषयी बोलले जाते. यंदा विश्वस्त मंडळाने आम्हाला पालेभाजीवर बोलण्यास सांगितले आहे. विषय साधा वाटेल. पण त्यामागे एक प्रस्ताव आहे आणि त्या प्रस्तावावर आम्ही दिलेल्या उत्तराचा हिशोब आपल्यासमोर मांडणे आमचे कर्तव्य आहे.

आपल्यातीलच एका देणगीदार कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ रुग्णालयाच्या आवारात हिरव्या रसाचे केंद्र सुरू करण्याची इच्छा व्यक्त केली. रोज सकाळी रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना कच्च्या पालेभाज्यांचा ताजा रस विनामूल्य द्यावा, त्यासाठी लागणारे मिक्सर आणि वर्षभराच्या भाजीचा खर्च आपण उचलू, असे त्यांनी कळविले. हेतू अत्यंत निर्मळ होता. विश्वस्त मंडळाने आहार विभागाचा अभिप्राय मागविला. आम्ही आदरपूर्वक कळविले, की सर्वांना एकाच भाजीचा एकसारखा पेला देणारे केंद्र रुग्णालयात नसावे. असे का कळविले आणि त्याऐवजी काय सुचविले, हे सांगण्यासाठीच आजचे हे चार शब्द.

आमचीच एक चूक

आरंभी आमची चूक सांगतो. अनेक वर्षे आम्ही घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती एक छापील पत्रक देत होतो. त्यात एक ओळ होती : रोज भरपूर हिरव्या पालेभाज्या खा. ही ओळ चुकीची नव्हती, अपुरी होती. गिरणाकाठच्या एका गावातील एक गृहस्थ हृदयाची झडप बदलून आले होते आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होते. नेहमीच्या तपासणीत त्यांच्या रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती पुन्हा वाढलेली दिसली. गोळी चुकली का, असे विचारता त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, ‘‘नाही हो डॉक्टरसाहेब, गोळी एकही दिवस चुकली नाही. उलट मामंजींना रोज सकाळी पालकाचा मोठा पेला देते मी. तुमच्या कागदावर लिहिलं होतं ना!’’

कारण तेथेच सापडले. हिरव्या पानांत ‘के’ जीवनसत्त्व विपुल असते. शंभर ग्रॅम पालकात ते दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट असते. वॉरफरिन आणि ॲसिनोकुमॅरॉल ही औषधे याच जीवनसत्त्वाचे कार्य रोखून रक्त पातळ ठेवतात. पानांचे प्रमाण एकाएकी वाढले, की गोळीचा परिणाम घटतो. एकाएकी बंद झाले, की तो वाढून रक्तस्राव होऊ शकतो. सुदैवाने तपासणी वेळेवर झाली आणि काही अनिष्ट घडले नाही. त्या माउलीची चूक नव्हती. तिने आमचा शब्द पाळला होता आणि तो शब्द अपुरा होता. पत्रकातील ती ओळ आम्ही बदलली. परंतु तेव्हापासून ‘भरपूर’ हा शब्द लिहिताना आमचा हात थबकतो.

कच्चा पाला ही नवी गोष्ट नाही

आजकाल शहरांत ज्याला ‘ग्रीन स्मूदी’ म्हणतात, ती म्हणजे कच्चा पाला आणि फळे पाण्यासह मिक्सरमध्ये बारीक करून, न गाळता प्यायचे पेय. अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्हिक्टोरिया बुटेंको यांच्या २००५ सालच्या ‘ग्रीन फॉर लाइफ’ या पुस्तकानंतर त्याचा प्रसार झाला. लक्षात घेण्याजोगी बाब ही, की या पेयाच्या पुरस्कर्त्या असलेल्या बुटेंकोबाईंनीही रोज एकच पान वापरू नये, पाने बदलत राहावीत, असाच आग्रह धरला आहे. प्रसार पेयाचा झाला. पाने बदलण्याची अट मात्र वाटेत गळून पडली.

आपल्याकडे कच्चा पाला खाणे अनोळखी नाही. खानदेशातील कोणत्याही घरात हिवाळ्यात घोळाणा होतो. कोवळी मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरून, तीत दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चे तेल घातले, की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. भरीत-भाकरीच्या पंगतीत कांद्याची पात आणि मुळा कच्चाच असतो. हरभऱ्याच्या शेतातून जाताना कोवळे शेंडे खुडून तोंडात टाकले नाहीत, असा माणूस या भागात विरळाच. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना महात्मा गांधींनी हिरव्या पानांचे प्रयोग स्वतःच्या आहारावर केले आणि ‘हरिजन’ साप्ताहिकातून त्याविषयी लिहिले. गावाच्या आसपास सहज मिळणारा पाला गोरगरिबांच्या ताटात यावा, ही त्यांची तळमळ होती.

मग घोळाण्यात आणि पेल्यात भेद कोणता? भेद मात्रेचा आहे. घोळाणा खाताना मूठभर पानांनंतर तोंड थांबते. चावावे लागते, तिखट लागते, पोट भरते. मिक्सरमध्ये मात्र एक अख्खी जुडी एका पेल्यात मावते आणि दोन मिनिटांत पोटात जाते. शिजविलेली भाजी आपण आठवड्यातून एक-दोन वेळा करतो; पेला मात्र ‘नियमाने’ रोज घेतला जातो. मोठी मात्रा, रोजचा नेम आणि एकच भाजी ही तिन्ही एकत्र आली, की अन्नाला औषधाचे गुणही येतात आणि औषधाचे धोकेही.

पानांचे गुण

धोक्यांकडे वळण्यापूर्वी गुण सांगितले पाहिजेत. नाहीतर पालेभाजी वाईट, असा समज घेऊन आपण घरी जाल आणि ती आमची दुसरी चूक ठरेल.

पालेभाजीची महती सांगणारा एक अध्याय आपल्या मुंबईतच लिहिला गेला आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या आणि गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटकाला पुढे ‘विल्स घटक’ असेच म्हटले जाऊ लागले. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास येथील शास्त्रज्ञांनी सुमारे ४ टन पालकातून एक द्रव्य वेगळे काढले आणि पानावरून, म्हणजे लॅटिन ‘फोलियम’ या शब्दावरून, त्याला फॉलिक ॲसिड असे नाव दिले. आज गरोदर भगिनींना आपण जी गोळी देतो, तिचे नावच मुळी पानावरून आले आहे.

हे फोलेट आणि ‘क’ जीवनसत्त्व ही दोन्ही उष्णतेने व पाण्यात उकळून टाकल्याने बरीच नष्ट होतात. म्हणून थोडा पाला कच्चा खाण्यात लाभ आहे. ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून बनते, ते कॅरोटीन मात्र शिजविलेल्या आणि तेलाची फोडणी दिलेल्या भाजीतून अधिक चांगले मिळते. थोडा पाला कच्चा आणि बराचसा शिजवून, ही आपल्या आजीबाईंची वाटणी शास्त्राच्या कसोटीस उतरते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या समतोल आहारात सुमारे १०० ग्रॅम पालेभाज्या धरल्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या ताटात आजही त्याच्या निम्म्यानेही पालेभाजी नसते. तेव्हा पालेभाजी वाढवावीच. प्रश्न आहे तो कोणती, किती आणि कशी, हा.

नाव बदलले, कूळ तेच

पालकात ऑक्झॅलिक आम्ल असते. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ते साधारणपणे ६०० ते १००० मिलिग्रॅम भरते. ज्यांना मुतखड्याची प्रवृत्ती आहे, त्यांना दिवसभरात ५० ते १०० मिलिग्रॅमच्या आत राहण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे अशा व्यक्तीने दोनशे ग्रॅम पालकाचा एक पेला घेतला, तर दिवसाची मर्यादा दसपटीहून अधिक ओलांडली जाते. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. त्यात आपला प्रदेश उष्ण. वैशाखात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, शेतात राबणाऱ्याचे पाणी घामावाटे निघून जाते, लघवी थोडी आणि दाट होते आणि अशा लघवीत खडे धरण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. उन्हाळ्यात थंडावा म्हणून पालकाचा रस पिणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

क्वचित प्रसंगी परिणाम याहून गंभीर होतो. २०१८ साली अमेरिकेतील मूत्रपिंडविषयक एका वैद्यकीय नियतकालिकात ६५ वर्षांच्या एका महिलेची हकीकत प्रसिद्ध झाली. शरीरशुद्धीसाठी तिने ऑक्झॅलेटयुक्त हिरव्या पेयाचा क्रम आरंभिला होता. मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे स्फटिक साचले, ती निकामी झाली आणि पुन्हा सुधारली नाहीत. तिची पूर्वी जठरावर शस्त्रक्रिया झालेली होती आणि नुकतीच दीर्घकाळ प्रतिजैविके घेऊन झाली होती. अशा शस्त्रक्रियेनंतर आतड्यातून ऑक्झॅलेट अधिक शोषले जाते आणि ते पचविणारे आतड्यातील जंतू प्रतिजैविकांनी कमी होतात. निरोगी माणसाला असे सहसा होत नाही. परंतु रुग्णालयाच्या आवारात उभे राहून पेला घेणारा माणूस निरोगीच असेल, असे गृहीत धरण्याचा अधिकार आम्हाला नाही.

यावर अनेकजण म्हणतात, ‘‘मग आम्ही भाजी बदलतो. आज पालक, उद्या राजगिरा, परवा तांदुळजा, नंतर चाकवत.’’ नेमका येथेच घोटाळा होतो. पालक, चाकवत, राजगिरा, माठ, पोकळा आणि तांदुळजा ही सारी भावंडे एकाच राजगिरा-कुळातील आहेत आणि त्या सर्वांत ऑक्झॅलेट अधिक आहे. बाजारात नाव बदलले, शरीरासाठी मात्र भाजी तीच राहिली. घोळ, चिवळ आणि चुका यांची कुळे निराळी, तथापि त्यांच्याही आंबटपणात ऑक्झॅलेटचा मोठा वाटा आहे.

आपण शेतकरी आहोत, म्हणून शेतीच्या भाषेत सांगतो. कपाशीवर कपाशी घेतली, तर जमीन थकते आणि कीड घर करते, म्हणून आपण बेवड पाहतो आणि कपाशीनंतर हरभरा घेतो. कपाशीचे एक वाण काढून दुसरे वाण लावण्याला कोणी फेरपालट म्हणत नाही. ताटातही तोच नियम लावावा. फेरपालट कुळांची व्हावी.

आपल्या बाजारात अशी कुळे पुष्कळ आहेत. मेथी आणि हरभरा शेंगांच्या कुळातील. कोथिंबीर आणि शेपू गाजराच्या कुळातील. मुळ्याचा पाला, मोहरी आणि कोबी मोहरीच्या कुळातील. करडई आणि शहरी हॉटेलांतून दिसणारे सॅलडचे पान, दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातील. कांद्याची पात लसणीच्या कुळातील, पुदिना तुळशीच्या, अंबाडी कपाशी-भेंडीच्या आणि शेवगा स्वतःच्याच कुळातील. यांपैकी मेथी, कोथिंबीर, कोबी, मुळ्याचा पाला, सॅलडचे पान आणि कांद्याची पात यांत पालकाच्या तुलनेने ऑक्झॅलेट पुष्कळ कमी असते. कच्चे घ्यावयाचे असेल, तर प्राधान्य यांना द्यावे.

ही फेरपालट पूर्वी ऋतूच करून देत असत. हिवाळ्यात मेथी, हरभरा, करडई, कांद्याची पात. उन्हाळ्यात चिवळ, घोळ, तांदुळजा. पावसाळ्यात तरोटा, कुरडू, अंबाडी. ऋषिपंचमीला आणि भोगीला तर अनेक भाज्या एकत्र शिजविण्याची रीतच आहे. आता विहिरीला पाणी आणि बाजारात मागणी असली, की पालकाची जुडी बाराही महिने मिळते. सोय झाली, पण तिच्याबरोबर फेरपालट सुटली. ऋतूने सोडलेले काम आता आपल्याला जाणीवपूर्वक करावे लागेल.

शिजविण्याचे शहाणपण

राजगिरा-कुळातील भाज्या वर्ज्य कराव्यात, असे आमचे म्हणणे नाही. त्या शिजवून खाव्यात. पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकले, तर विरघळणाऱ्या ऑक्झॅलेटपैकी भाजीच्या प्रकारानुसार ३० ते ८७ टक्के भाग निघून जातो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले आहे. त्याबरोबर दही, ताक किंवा दूध असावे. त्यांतील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते आणि ते मूत्रपिंडापर्यंत न जाता शौचावाटे बाहेर पडते. मुतखडा झाला म्हणून दूध-दही सोडणाऱ्यांनी हे आवर्जून ऐकावे. आहारातील कॅल्शियम तोडल्याने खड्यांचा धोका वाढण्याचा संभव असतो.

याच कारणाने ‘हाडांसाठी पालक’ हा समजही तपासावा लागतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दुधातील कॅल्शियमपैकी सुमारे २८ टक्के शरीरात शोषले गेले, पालकातील मात्र अवघे ५ टक्के. लोहाचीही तीच कथा. शंभर ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातील थोडेच अंगी लागते. लिंबू पिळल्याने ते वाढते, जेवणाबरोबरच्या चहाने घटते. रक्तक्षय असलेल्या भगिनींनी पालकाच्या रसावर विसंबून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत, ही आमची कळकळीची विनंती आहे.

आळूचे पान तर कच्चे कधीच घेऊ नये. त्यात ऑक्झॅलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, म्हणूनच घसा खवखवतो. नीट शिजविणे आणि चिंच घालणे या रीतीमागे पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे.

दुधी भोपळा ही पालेभाजी नव्हे. परंतु हिरव्या रसात तो सर्रास टाकला जातो, म्हणून सांगणे भाग आहे. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सूचना केल्या : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास फेकून द्यावा, कडू रस औषधी समजून पिऊ नये आणि उलटी वा पोटदुखी होताच रुग्णालय गाठावे. कडू म्हणजे गुणकारी ही समजूत येथे प्राणघातक ठरते.

पाने निवडणे म्हणजे निवडणेही

मराठीत भाजी ‘निवडणे’ याचा अर्थ पसंत करणेही आहे आणि एकेक पान पाहून साफ करणेही. हे दुसरे निवडणे मिक्सरमुळे लुप्त होऊ लागले आहे. जुडीची मुळे कापली, की ती सरळ भांड्यात जाते.

२०२२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात पिशवीबंद कोवळ्या पालकात धोतऱ्याची पाने मिसळली गेली. ती खाणाऱ्या अनेकांना भ्रम, धूसर दृष्टी आणि छातीत धडधड असा त्रास झाला आणि माल परत मागवावा लागला. धोतरा आपल्या बांधावर आणि उकिरड्यावर उदंड उगवतो. पानन् पान निवडणाऱ्या बाईच्या नजरेतून तो सुटत नाही. मिक्सरला मात्र डोळे नसतात.

दुसरा धोका मातीचा आणि पाण्याचा. सांडपाण्यावर वाढलेल्या किंवा उघड्यावरील विष्ठेचा संसर्ग झालेल्या भाजीवर जंतांची व फीतकृमीची अंडी असू शकतात. फीतकृमीची अंडी पोटात गेली, तर त्यांच्या गाठी मेंदूत होऊन फिट्स येऊ शकतात आणि शुद्ध शाकाहारी माणसालाही हे घडते. चिरणे आणि बारीक करणे यांनी ही अंडी मरत नाहीत, शिजविण्याने मरतात. चातुर्मासात पालेभाजी न खाण्याची अनेक घरांतील रीत याच अनुभवातून आली असावी. कच्चे घ्यावयाचे असेल, तर पाणी कोठले हे ठाऊक असलेल्या शेतातील भाजी घ्यावी, प्रत्येक पान सुटे करून वाहत्या स्वच्छ पाण्यात चार वेळा धुवावे आणि पावसाळ्यात कच्चा पाला टाळावा.

ज्यांना घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी

एवढे ऐकूनही निरोगी माणसाला हिरवा पेला घ्यावासा वाटला, तर आमची ना नाही. ओंजळीने नव्हे, मुठीने मोजावे. मूठभर, म्हणजे साधारण २५ ते ३० ग्रॅम पाने, एका माणसाला पुरेत. त्यात आपल्या जळगावचे एक केळे, अर्ध्या लिंबाचा रस, आल्याचा तुकडा आणि पाणी. गाळू नये, चोथा हाच त्यातील मोठा गुण आहे. केळ्याने मेथीचा कडवटपणा पुष्कळ झाकला जातो. आज मेथी, उद्या कोथिंबीर-पुदिना, परवा सॅलडचे पान किंवा कोबी, असे कूळ बदलत जावे. पालक घ्यावयाचाच असेल, तर आठवड्यातून एखादे वेळी, उकळत्या पाण्यातून काढून, पाणी टाकून आणि पाण्याऐवजी ताक घालून. पेला केल्याबरोबर प्यावा. सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवू नये. आणि तो जेवणाच्या जागी नसावा. वजन घटविण्यासाठी दिवसभर केवळ रसावर राहणे आम्हाला मान्य नाही.

पुढील व्यक्तींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज असा पेला सुरू करू नये. ज्यांना मुतखडा आहे किंवा होऊन गेला आहे. ज्यांची मूत्रपिंडे क्षीण आहेत. त्यांना पाने आणि केळे या दोहोंतील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. जे वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. त्यांनी पालेभाजी सोडू नये, पण प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे. ज्यांच्या जठरावर वा आतड्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. थायरॉइडचे रुग्ण, त्यांनी कच्चा कोबी व मोहरीवर्गीय पाला मोठ्या प्रमाणात रोज घेऊ नये. कर्करोगाचे उपचार चालू असलेले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे असे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि एक वर्षाखालील बालके. आपण आमच्या वॉर्डांतून एक फेरी मारली, तर या यादीत न बसणारा रुग्ण शोधावा लागेल. रस केंद्राविषयी आम्ही नकार का कळविला, याचे उत्तर या यादीत आहे.

देणगीचे काय झाले

त्या कुटुंबाला आम्ही हे सर्व समक्ष सांगितले. देणगी नाकारणे सोपे नसते आणि नकार ऐकणे त्याहून कठीण असते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. घरातील ज्येष्ठ बंधू एवढेच म्हणाले, ‘‘आमचे वडील भाजी विकत. कोणी गिऱ्हाईक आलं, की आधी विचारत, घरी कोणाला काय दुखतं? मग जुडी देत. तुम्ही तेच सांगत आहात.’’

त्यांच्या संमतीने ती रक्कम आता दोन कामांसाठी राखून ठेवली आहे. रुग्णालयाच्या मागील मोकळ्या जागेत परसबाग होईल. तेथे एकाच भाजीचे मोठे वाफे न लावता निरनिराळ्या कुळांतील भाज्यांचे लहान वाफे असतील आणि प्रत्येक वाफ्यापाशी भाजीचे नाव, तिचे कूळ आणि ती कच्ची चालते की शिजवूनच खावी, हे लिहिलेली पाटी असेल. रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्याच्या घरच्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला आम्ही त्या बागेतून फिरवून आणू. दुसरे काम म्हणजे रुग्णांच्या भोजनात रोज एक शिजविलेली पालेभाजी, दर दिवशी निराळ्या कुळातील, आणि प्रत्येक रुग्णाच्या आजाराला अनुसरून.

उपस्थित देणगीदारांना आमची विनंती अशी, की या बागेसाठी पैशापेक्षाही बियाणे द्या. आपल्या परड्यात जपलेले चिवळीचे, अंबाडीचे, करडईचे, गावठी मेथीचे बी मूठभर आणून द्या. बाजारातून जे हळूहळू नाहीसे होत आहे, ते येथे टिकेल. रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती अशी, की आपल्या माणसाला प्रेमाने काहीही देण्यापूर्वी, ते कितीही नैसर्गिक असो, आम्हाला एकदा विचारा. विचारल्याने प्रेम उणावत नाही. आणि विश्वस्त मंडळाचे आभार अशासाठी, की एका मोठ्या देणगीविषयी खरा अभिप्राय देण्याची मोकळीक त्यांनी आम्हाला दिली.

त्या सूनबाई परवाच सासऱ्यांना तपासणीसाठी घेऊन आल्या होत्या. गृहस्थांची प्रकृती उत्तम आहे. आठवड्यातून तीन वेळा, मोजून, वेगवेगळी पालेभाजी घरात शिजते. जाताना त्यांनी आमच्या टेबलावर कागदाची एक पुडी ठेवली. आत करडईचे बी होते. बागेतील पहिला वाफा त्याच बियाणाचा असेल.